दोन मुठी साखर

घोडनदी,
सोमवार, २३ मार्च १९५९

प्रिय कृपा,

सप्रेम सलाम. मी बरा आहे. मुलांना दिवसभर संस्कृतातलं द्विवचन शिकवतो आणि संध्याकाळी एकवचनात घरी येतो. तुझ्या रेल्वेतल्या भावाला सलाम सांग. ‘चार दिवस माहेरी जाते’ म्हणून दौंडला गेलीस, त्याला वर्ष होईल. रेल्वेवाल्यांकडे दिवस मोजायची रीत निराळी असावी.

यंदा ईस्टरच्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस मी घातला. हसू नकोस. वडगाव रासाईचा हरिबा काळ्या द्राक्षांची पाटी घेऊन आला तो दारातच थबकला.

“मास्तर, बाई न्हाईत, तर ह्ये कोन करनार?”

“मी.”

“मंग आंबट शिरकाच हुनार म्हना की!”

वैद्यकाच्या पोथीत आसवाला गूळ किती, मध किती, सगळं श्लोकांत आहे. त्याप्रमाणे लहान बरणीत सगळा गूळ एकदम ओतला. रस सुस्त पडला आणि काकवीसारखा वास मारू लागला. मग तुझं आठवलं : गोड थोडं थोडं द्यावं, आणि फसफस थांबली की हात आवरावा. मोठ्या बरणीत तसंच केलं, वाटीवाटीनं.

ती पंधरा दिवस फसफसत होती. घरात बोलणारं तेवढंच. मी तिच्याशेजारी बसून वह्या तपासत असे. एक दिवस ती थांबली. घर इतकं गप्प झालं की माझा हात साखरेच्या डब्याकडे गेला. मूठभर टाकली तर पुन्हा बोलेल, एवढाच विचार.

डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. कारण हे मी पूर्वी केलेलं आहे.

गेल्या ईस्टरआधी तू बाटल्या भरून ठेवल्यावर मला रस आंबट लागला. तुला न विचारता एकीत दोन मुठी साखर घातली आणि बूच ठोकलं. चर्चमध्ये भक्तीच्या ऐन मध्यावर ते उडालं. वेदीवरचं, तू भरतकाम केलेलं पांढरं कापड लाल झालं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बाईंचा हात गोडाला सैल आहे.” मंडळी हसली. तू हसली नाहीस. डब्यातली साखर किती उतरली होती ते तुला ठाऊक होतं. त्यानंतरच्या पाच पत्रांत मी तुला पाऊसपाणी कळवत राहिलो.

काल, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मंडळीसमोर उभा राहून सगळं सांगितलं. मागून दयाबाई म्हणाल्या, “एवढ्याला वरीस लागलं व्हय, मास्तर?” यावर संस्कृतात उत्तर नाही.

बाटलीच पाठवली असती, पण दारूबंदीच्या शिपायाला प्रभुभोजन समजावत बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. चव इथं येऊनच घ्यावी लागेल. बरणीच्या तोंडाला तुझ्या जुन्या लुगड्याचा फडका बांधला आहे. गाठ मी सोडलेली नाही.

शनिवारी दौंडची एस.टी. चारला येते. मी स्टँडवर असेन. तू आली नाहीस, तर रस जसा असेल तसा मंडळीला देईन. त्यात काही घालणार नाही.

साखर घालणारा,
योसेफ