तिच्या खोलीचा फोटो

७ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं क्षेम. तू फोनवर मला बोलूच देत नाहीस, मधेच कुकरकडे नाहीतर दाराकडे पळतेस, म्हणून हा कागद. कागदाला निदान मधे तोडता येत नाही.

तुझी लेक मजेत आहे. सकाळी तिला उठवताना माझा घसा बसतो, आंघोळीला गेली की गरम पाणी संपवूनच बाहेर येते, आणि माझ्या वाचायच्या खुर्चीवर तिने कायमचा कबजा केलाय. आली तेव्हा पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेवर बसायची. आता तिला भिंगरी का म्हणतात ते कळतं. मी इंटरनॅशनल शाळेत शिकवते म्हणून तिला इथे प्रवेश मिळाला, मावशीने भाचीचं कल्याण केलं, असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे कल्याण माझंच झालंय. संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचं नसतं, याची मला सवयच नव्हती. हे एकदाच लिहिते, पुन्हा म्हणणार नाही.

आता बातमी. सातवीचा वर्षाचा प्रोजेक्ट सुरू झाला. यात आमच्याकडे धडा नसतो, प्रश्न असतो. प्रत्येकाने आपला प्रश्न आपणच काढायचा, लोकांना भेटायचं, पुरावे गोळा करायचे आणि मार्चमध्ये प्रदर्शनात आपल्या बोर्डापाशी उभं राहून सगळ्यांना समजावून सांगायचं. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, हा पहिला नियम. कुणी साबणाला फेस का येतो ते घेतलंय, कुणी शाळेच्या छपरावरची कबुतरं. आमच्या बाईसाहेबांचा प्रश्न असा: एखादं घर आपलं आहे हे कशावरून ओळखायचं? तिचे वर्गशिक्षक ऐकून खूश झाले. मीही स्टाफरूममध्ये जरा भाव खाल्ला.

त्यासाठी तिला तिच्या तिकडच्या खोलीचा फोटो हवा आहे, आत्ताचा. लगेच पाठव. आणि पुढच्या वर्षाचं काय ते ठरव. शाळेला एप्रिलमध्ये सांगावं लागतं. तिने इथेच राहावं असं मला वाटतं. तुझं मन काय म्हणतं?

माझ्यावर माया आहेच तुझी. उत्तर वेळेवर लिहून ती दाखव.

तुझी ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग फोटोचं वाचलं आणि दोन दिवस पत्र डब्यामागे लपवून ठेवलं. ताई, तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय कसलं, मीच मागे ठेवलंय.

भिंगरी गेली आणि घर खायला उठलं. ह्यांची नोकरी फिरतीची, घरात मी एकटी. खालच्या काकूंनी, आपली भिंगरी ज्यांना आजी म्हणते त्यांनी, एक दिवस त्यांचा नातू दुपारपुरता माझ्याकडे दिला. त्याच्यापाठोपाठ समोरच्यांचा आला, मग जुळी आली. आता नऊ पोरं आहेत गं! चांगलं पाळणाघरच झालंय. आणि ती सगळी निजतात भिंगरीच्या खोलीत. पलंग काढून गच्चीच्या जिन्याखाली ठेवलाय, खाली गाद्या अंथरल्यात, पुस्तकं खोक्यांत भरलीत. तिच्या टेबलावर आता दुधाच्या बाटल्या असतात.

जाताना ती दारातून परत आत आली होती आणि माझ्या खोलीला हात लावू नकोस म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं. दर रविवारी फोनवर खोलीचं विचारते, आणि मी दर रविवारी जशीच्या तशी आहे म्हणून सांगते. आता कुठल्या तोंडाने खरं सांगू?

सोबत फोटो पाठवलाय, तो गेल्या उन्हाळ्यातला आहे. तू तोंडातून ब्र काढू नकोस, माझी शपथ आहे तुला. सुट्टीत ती यायच्या आत मी सगळं होतं तसं लावून ठेवते. तिला पत्ताही लागणार नाही.

पुढच्या वर्षाचं काय सांगू! मला ती घरी हवी आहे. पण तसं बोलले तर तिच्या शिक्षणाच्या आड येते असं होईल, म्हणून तू ठरवशील ते. तुला ठरवायला आवडतंच.

रागावलीस तरी चालेल, पण अंतर देऊ नकोस.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लहानपणी फुटलेली कपबशी पलंगाखाली सरकवायचीस, तीच तू अजून. नऊ पोरं सांभाळतेस आणि मला पत्ता नाही! पण शपथ घातलीस, म्हणून गप्प बसले.

गप्प बसणं सोपं नव्हतं. भिंगरीने फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडात बराच वेळ पाहिला आणि सरळ मला विचारलं की मावशी, हा फोटो आत्ताचा आहे का. पण एवढ्या वर्षांची वर्गातली सवय कामी आली. मी चष्मा पुसला आणि तिलाच विचारलं की तुला काय वाटतं, आणि ते तू कसं शोधून काढशील. तिने मान डोलावली आणि गेली. खोटंही बोलले नाही, खरंही सांगितलं नाही. स्वतःवर जाम खूश झाले मी.

त्याआधीही एकदा भाजी निवडताना तिने विचारलं होतं की एखाद्याला त्याच्या भल्यासाठी दुसरीकडे पाठवलं, तर त्याला परत यायचं का हे कोण ठरवतं. मी म्हटलं, फार सुरेख प्रश्न आहे, प्रोजेक्टमध्ये घे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उरलेली भाजी तिनेच निवडली. अशी समजूतदार झालीय हो!

सध्या मुलाखतींचा सपाटा लावलाय. शाळेचा माळी झाला, होस्टेलमधल्या मुली झाल्या, आता तिकडच्या शेजाऱ्यांना फोन करणार म्हणते. पोरीला गती आहे. हिला इथून हलवू नकोस, एवढं ऐक माझं.

माझी काळजी करू नकोस, केलीस तर मला कळव, म्हणजे बरं वाटेल.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार. वि. वि.

तू वेळ मारून नेलीस, तुझे उपकार कसे फेडू! इकडे पोरांना सर्दीची साथ आलीय. नऊ नाकं पुसता पुसता माझे हात दुखायला लागलेत.

भिंगरीने खालच्या काकूंना फोन केला होता. काकू कौतुक करत होत्या, किती गोड बोलते म्हणाल्या, सगळ्यांची नीट चौकशी केली म्हणाल्या. काय विचारलं म्हटलं तर म्हणाल्या की काही विशेष नाही, घरातलंच. माझ्याशीही छान बोलते, नीट खाल्लं का म्हणून मलाच विचारते. फक्त गेले दोन रविवार खोलीचा विषय काढत नाही. म्हणजे तिकडे मन रमलं असणार. मला बरं वाटायला हवं ना? वाटत नाही.

ताई, तुला आवडणार नाही, तरी लिहिते. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी स्वतः ठरवलंय. प्रदर्शनाला मी येते, आणि तिथेच तिला सांगते की परत घरी चल. पाळणाघरासाठी दुसरी जागा बघायला लागलेय. मला माझी पोर परत हवी आहे. तुझ्या घराचं काय होईल ते मला कळतं, आणि तेवढ्यासाठी तुझ्या पाया पडते.

तिला आत्ता काही बोलू नकोस. मीच सांगेन, तोंडाने.

तुझा लोभ आता थोडा कमी झाला असेल, तो मी आल्यावर भांडून परत घेईन.

तुझी धाकटी


१० मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

परवा तू गाडीत बसलीस ती मान खाली घालून. मी हात हलवत राहिले, तू पाहिलंच नाहीस. सुखरूप पोचलीस ना? दोन ओळी टाक.

तू तिच्या बोर्डासमोर उभी होतीस तेव्हा मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पालकांना चहा देत होते. तुझा पदर तोंडाला गेलेला दिसला तेव्हा मला वाटलं, कौतुकाने डोळे भरले. सगळे गेल्यावर मी तो बोर्ड वाचला. मधोमध तुझा फोटो, आणि खाली तिच्या त्या उभट अक्षरात लिहिलेलं: हा फोटो घरच्या व्यक्तीकडून मिळाला, तो आत्ताचा नाही. या खोलीत आता नऊ लहान मुलं झोपतात, माहिती खालच्या आजींकडून. बस्स, एवढंच. तुझं नाव नाही, माझं नाही, कुठे तक्रार नाही. मला त्या तक्रार नसण्याचीच भीती वाटली.

त्याआधी मी चहा घेऊन तुमच्याजवळ आले तेव्हा तू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस की चल घरी, उद्यापासून खोली रिकामी करते. तिने मान हलवली आणि विचार करते म्हणाली, आणि मग मागे थांबलेल्या पाहुण्यांना बोर्ड समजावून द्यायला लागली. तुला तो धक्का होता हे मी पाहिलं, आणि तरी मला आतून जरासं बरं वाटलं. आता ही माझ्याकडेच राहणार, असं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं खरं.

ते फार टिकलं नाही. काल मी तिला जवळ बसवून सांगितलं की मला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, मला ठाऊक होतं. कसं म्हटलं, तर म्हणाली की ज्याला माहीत नसतं तो माहीत नाही म्हणतो, माहीत असतं तोच उलटा प्रश्न विचारतो, वर्गातही तसंच असतं ना मावशी. अगं, मी इतकी वर्षं मुलांना हेच शिकवत आले आणि मला कधी हे सुचलं नाही. आणि भाजी निवडताना ती प्रोजेक्टचं विचारत नव्हती. ती मला, तिच्या मावशीला, विचारत होती की मी घरी जाऊ का. मी तिला सुरेख प्रश्न आहे म्हटलं!

मुख्याध्यापक म्हणतात, हा प्रोजेक्ट सगळ्या शिक्षकांना नमुना म्हणून दाखवू, आणि दोन शब्द मी बोलायचे. मी काय बोलू, सांग.

शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझी ताई


१८ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पोचले. शिव्या देणार नाही. तुला शपथ मीच घातली होती.

पोरं आता खालच्या काकूंच्या हॉलमध्ये निजतात. काकू तर माझ्या गळ्यात पडून रडल्या, मला काय माहीत गं ते गुपित होतं, म्हणाल्या. भिंगरीचा पलंग आत आणून पुसला, पुस्तकं लावली. कुठलं कुठे होतं ते आठवेना म्हणून तोच फोटो समोर धरून लावत बसले. सगळं हुबेहूब झालं आणि मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. ते सगळं फार खोटं दिसत होतं, ताई.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. ती फोनवर गप्प झाली असती, आणि ते गप्प होणं मला ऐकायचं नव्हतं. पहिल्याच रविवारी सांगितलं असतं की पोरी, घर ओकंबोकं झालंय, चार लेकरं तुझ्या खोलीत निजवू का, तर तिने हसत हो म्हटलं असतं. तिने आनंदाने दिली असती. मी विचारलंच नाही.

ती जे ठरवेल त्याला मी हो म्हणणार आहे. तुझ्याकडे राहायचं म्हणाली तरी तुझा राग करणार नाही. तू तिला तेवढं सांग. नको, मीच सांगते. आता मधे कुणी नको.

आपल्या दोघींत काही बदलू नये, एवढीच इच्छा.

तुझी धाकटी


२ एप्रिल

ती. आईस आणि ती. मावशीस,
भिंगरीचा नमस्कार.

पत्र एकच आहे, मी दोन प्रती केल्यात. म्हणजे एकीला एक आणि दुसरीला दुसरं सांगितलं असं होणार नाही.

आई, तुझा परवाचा फोन मला आवडला. तू रडलीस तरी आवडला. मला राग आला होता, आता फार नाही. पण तू खोली रिकामी केलीस ती मला कळलं म्हणून. कळलं नसतं तर केली नसतीस. तिथे झोपले की मला रोज ते आठवेल. त्या पोरांना वर बोलाव, खालच्या आजींचे गुडघे दुखतात आणि ती जुळी फार पळतात म्हणे. माझी हरकत नाही. मला विचारलं असतंस तरी हेच म्हटलं असतं.

मावशी, तुझ्याकडे मला करमत होतं. खुर्चीबद्दल सॉरी. पण आता तू काही विचारलंस की मी मनात आधी बघते की तू मला काय सांगत नाहीयेस. घरात असं बघत राहून दमायला होतं.

म्हणून मी पुढच्या वर्षी होस्टेलमध्ये राहीन असं ठरवलंय. बाबांशी बोलले, ते हो म्हणाले, तुम्ही दोघीही म्हणा. शाळा हीच आहे, मावशी मला रोज दिसेल. भेटायला यायचं असेल तेव्हा मात्र होस्टेलच्या बाईंना आदल्या दिवशी कळवावं लागतं, आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांना सोडत नाहीत. खाली बसायला खोली आहे, बरी आहे.

एक मागायचं आहे. मी काही विचारलं तर खरं सांगा. सांगता येत नसेल तर सांगता येत नाही म्हणा, मी थांबेन.

तुमच्या दोघींचा माझ्यावर लोभ आहे. हे मी कुणाला विचारलं नाही आणि शोधलंही नाही. तेवढं मी धरूनच चालले आहे.

तुमची भिंगरी