पाच वेळा पास

५ मार्च, सकाळी
ट्रेनिंगला परगावी गेलो तिथे परवा जे झालं ते झालं. एकदाच. बाई चांगल्या घरातली दिसत होती. तरी केमिस्टला ‘मित्रासाठी’ म्हणून विचारलं. तो म्हणाला, मित्राला आजच सरकारी दवाखान्यात पाठवा, तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर एचआयव्ही टळू शकतो. आज जातोच.

५ मार्च, संध्याकाळी
गेलो. रांगेत आमच्या कारखान्यातल्या पॅकिंगमधला एकजण. त्याला काय वाटलं असतं? परतलो.

८ मार्च
घरी करायच्या रॅपिड टेस्टचे पाच किट आणले. बोट टोचलं, वीस मिनिटं थांबलो. निगेटिव्ह! लगोलग उरलेले चारही केले. पाचही निगेटिव्ह. आमच्या बूट कारखान्यात पाच जोड पास झाले की अख्खा लॉट पास. क्वालिटी इन्स्पेक्टर उगाच नाही झालो.
सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय, लागण इतक्यात दिसेलच असं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करा, तोवर कंडोम वापरा. किट खपवायचे धंदे.

१० मार्च
बायकोला यंदा मूल हवंच आहे. मध्येच कंडोम काढला तर काय सांगू? नसती शंका तिच्या डोक्यात घालायची नाही.

२४ मार्च
आठवडाभर ताप, अंगावर पुरळ. व्हायरल असणार.
कारखान्यात नव्या तपासनिसाने वॉटरप्रूफ बूट पाच मिनिटं पाण्यात ठेवून पास केले. सगळ्यांसमोर झापला. पाणी आत झिरपायला चार तास लागतात, त्याआधी कोरडाच दिसणार ना! मेमो दिला. लोक अक्कल गहाण ठेवून कामावर येतात.

३० एप्रिल
बायकोला दिवस गेले! पेढ्यांचा बॉक्स आणला.

१९ जून
बायकोच्या तपासणीत एचआयव्ही पॉझिटिव्ह. माझ्या पाच टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे सगळं उघड आहे. कोण तो, असं स्पष्ट विचारलं. ती नुसती रडत राहिली. चोराच्या मनात चांदणं. मेहुण्याला बोलावून सांगितलं. तो खाली मानेने तिला माहेरी घेऊन गेला.

२० जून
तिला माफ करायचं ठरवलंय. माणसाचं मन मोठं हवं. अटी दोनच: फोन माझ्याकडे राहील आणि माहेर बंद. डॉक्टरांनी परवा तिच्यासोबत मलाही टेस्टला बोलावलंय. फॉर्मॅलिटी.

२२ जून
मी पॉझिटिव्ह.
मार्चमधल्या पाच टेस्टचं सांगितलं. डॉक्टरांनी तारखा विचारल्या. बायकोसमोर सांगाव्या लागल्या. ते म्हणाले, पाचव्या दिवशी पाच काय, पन्नास केल्या असत्या तरी निगेटिव्हच आल्या असत्या.
वाटलं, ती आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त बाळाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजपासून रोज गोळ्या घेतल्यात तर बाळ बहुतेक सुखरूप राहील. तिने मान डोलावली, चिठ्ठी नीट घडी करून घेतली. मग विचारलं, पुढच्या तपासण्यांना मी एकटी आले तर चालेल ना?
चालेल, म्हणाले.