परसातलं ऊन

डहाणू,
तुळशीच्या लग्नानंतरचा बुधवार

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार शब्दशः घे. गेले चार दिवस मी परसात पालथा पडून, जमिनीला नाक लावून, कुठे काही हिरवं उरलंय का ते शोधतो आहे. त्यामुळे साष्टांगाला वेगळे कष्ट पडत नाहीत.) भावोजींचा गुडघा कसा आहे? निलमची साखरपुड्याची साडी आली का? तुझं बीपी कसं आहे? हे शेवटचं नुसतं रिवाज म्हणून विचारत नाही. गोळी घेतली नसलीस तर आधी घे, मग पुढे वाच. धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातून ओले बोंबील आणून घरीच सुकवले, ते सोबत पाठवले आहेत. (कशावर सुकवले ते पुढे येईल.) फोन का नाही केलास म्हणशील, तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि ह्या प्रकरणाला बरीच वाक्यं लागणार आहेत.

तर गोष्ट लॉनची. मे महिन्यात तू म्हणालीस, निलमचा साखरपुडा हॉलमध्ये नको, माहेरच्या परसात करू. सावलीत चटया टाकू, घरची चार माणसं बसू, झालं. पण तुझ्या भावाचं ‘झालं’ इतक्यात कधी होतं का? नवऱ्याकडची मंडळी ठाण्याची, त्यांना चटईवर बसवायचं? आपल्या पट्ट्यात हल्ली ज्याच्या वाडीत चार चिकू आणि एक बाथरूम आहे तो रिसॉर्ट काढतो. रिसॉर्ट म्हटलं की लॉन आलं, लॉनवर पांढऱ्या खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांना मागून गाठ मारलेल्या ओढण्या आल्या. मी तुला लगेच कळवलं, लॉन करतो. तू एका शब्दात उत्तर दिलंस, ‘कशाला?’ मी ते मनावर घेतलं नाही. उलट माझ्याच हट्टापायी पत्रिकेवर ‘स्थळ: मामांच्या बंगल्यामागील लॉन’ असं छापलं गेलं. तो दिवस आता अठरा दिवसांवर आला आहे.

आपले आजोबा तलासरीच्या माळावरचं गवत ट्रक भरभरून मुंबईच्या तबेल्यांना विकायचे. त्यांचा नातू चौरस फुटाच्या भावाने गवत विकत घ्यायला निघाला. वेवजीला नविन म्हणून एक नर्सरीवाला आहे. बॉर्डरवरचा माणूस, भाव गुजरातीत सांगतो, घासाघीस मराठीत करतो आणि गॅरंटी हिंदीत देतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, जागेवर ऊन किती? सहा तास तरी स्वच्छ ऊन पाहिजे, नाहीतर लॉनचं नाव काढू नका. आता आपल्या परसात सहा तास ऊन कुठलं, असं तू म्हणशील. ते कसं आणलं ते मागाहून लिहितो, आधी गवताचं ऐक.

माझी अट एकच होती, बिनकटकटीचं गवत. (त्यावर शितल म्हणाली, घरातलं माणूस एवढं कटकटी असल्यावर गवताने बिचाऱ्याने काय करायचं? ती माझी बायको असली तरी ह्या प्रकरणात पहिल्यापासून तुझ्या पक्षात आहे.) नविनने आधी मेक्सिकन दाखवलं. दिसायला मऊ, पण दर आठवड्याला कापायचं. मी स्वतः दोन-दोन महिने केस कापत नाही, गवताचे लाड कोण करणार? मग कोरियन. ते न कापता टेंगळं टेंगळं वाढतं म्हणे, पण त्यावर खुर्ची ठेवली तर नवरदेवाच्या आईचा तोल गेला असता आणि सोयरीक तिथेच आडवी झाली असती. मग प्लास्टिकचं. त्याचा एक तुकडा नमुना म्हणून घरी आणून अंथरला आणि दुपारी एक वाजता त्यावर अनवाणी उभा राहिलो. ताई गं! पायाचे पापड झाले. तो तुकडा शितलने वाया जाऊ दिला नाही, दिवाळीनंतर त्यावर बोंबील वाळवले. तेच सोबत आहेत, फार झकास सुकलेत.

शेवटी ठरलं बर्म्युडा. नविन म्हणाला, काका, ह्याला ऊन चालतं, पाणी कमी चालतं, तुडवलं तरी मरत नाही आणि एकदा लागलं की जन्मात जात नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण आपले बाबा एका गवताचे हेच चारही गुण शिव्या घालत सांगायचे. पण गवत टेम्पोतून, गाद्यांच्या वळकट्या करून आलं. टेम्पोतून आलेल्या वस्तूवर संशय घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. सोबत देखभालीचा छापील कागद आला. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, पंधरवड्याला कापणी, महिन्याला युरिया, मग वाळू, मग औषध. बिनकटकटीचा हा कागद पाठपोट भरलेला होता.

श्रावणापर्यंत परस असं हिरवंगार झालं की मी ‘लॉनवर चालू नये’ अशी पाटी लावली आणि विहिरीवर जायला स्वतःच गेटाबाहेरून वळसा घालू लागलो. गणपतीत शितल परडी घेऊन सरळ लॉनवर शिरली आणि दूर्वा खुडायला बसली. मी ओरडलो, अगं, ह्या दूर्वा नव्हेत, बर्म्युडा आहे, परदेशी माल आहे, देवाला चालायचा नाही! तिने शांतपणे एकवीस मोजून वाहिल्या. गणपतीने काही तक्रार केली नाही, आणि मीही त्यातून काही शिकलो नाही.

मग आला गेला शनिवार. दुसऱ्या दिवशी ठाण्याची मंडळी जागा बघायला येणार होती. आपली नवशी पावसाळाभर स्वतःच्या भातात होती, ती त्याच दिवशी पहिल्यांदा कामावर आली. (चाळीस वर्षं वाडी निंदते आहे. लहानपणी तू आणि ती एका ओळीत बसून हरळी उपटायचात आणि मी झाडावर बसून चिकूच्या बिया मारायचो.) मी घाईत होतो. तिला म्हटलं, मागचं परस अगदी लखलखीत करून ठेव, पाहुणे यायचेत. आणि गेलो मिठाई आणायला. ह्या लॉनवर मी वाडीवाल्यांच्या ग्रुपवर, पोस्टमनला, बँकेच्या मॅनेजरला, सगळ्यांना व्याख्यानं दिली होती. सांगायचं राहिलं ते फक्त नवशीला.

दुपारी परत आलो तर परसात लाल माती. नवशी आणि तिने मदतीला आणलेल्या जमना, तानी, अशा तिघींनी खुरपी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मुळी शिल्लक ठेवली नव्हती. वर झाडूनही काढलं होतं. पाटी तेवढी जागेवर होती. नवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भाऊ, केवढी हरळी माजू दिलीस रे! मोठे शेठ असते तर सोलून काढलं असतं तुला.” मी म्हटलं, नवशे, ती बर्म्युडा होती! तिने ढिगातली एक मुळी उचलली, नखाने खरवडून पांढरी गाठ दाखवली आणि म्हणाली, “हीच. हिला मी ओळखत नाय?” मी नविनला फोन लावला. तो तिन्ही भाषांत बराच वेळ बोलला, सार एवढंच की खानदान एकच, पण आपलीवाली सुधारलेली. म्हणजे बाबांनी जन्मभर जी वाडीबाहेर काढली, तीच मी टेम्पो करून आणली आणि तीच नवशीने नेहमीच्या इमानदारीने पुन्हा बाहेर काढली. तिची काहीच चूक नाही. तिने ढीग पंपाशेजारच्या बांधावर टाकला होता. तिसऱ्या दिवशी त्याने मान वर काढली. त्याला कोणी पाणी घालत नाही, युरिया नाही, पाटी नाही. बांधाची रुंदी दोन फूट आहे, तिथे खुर्च्या मावत नाहीत.

तेव्हा लॉन नाही. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे आहे, तरी काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार, निलमला आशीर्वाद.

तुझा,
अमृत

ता. क. ठाण्याची मंडळी रविवारी येऊन गेली. लॉन कुठे, असं कोणी विचारलंच नाही. नवरदेवाची आई म्हणाली, किती स्वच्छ मोकळी जागा, सारवून रांगोळी काढू या. मग पदर डोक्यावर घेऊन इकडेतिकडे बघत म्हणाली, पण निलम म्हणत होती, इथे तिच्या आजीचं झाड आहे. त्याच्या सावलीतच बसायचं होतं ना?

ता. क. २. तर ते ऊन. तुझ्या बारशाला आईने लावलेला चिकू, ताई, मी जूनमध्ये तोडला. म्हणजे तोडून घेतला. करवत चालली तेव्हा मी वेवजीला गवत बघत होतो, इथे उभं राहायची माझी छाती झाली नाही. नवशीने ते पाहिलं आणि घरी निघून गेली. पावसाळाभर आली नाही, ते भातामुळे असं मी स्वतःला सांगत होतो. सावलीत वाढणारंही एक गवत मिळतं, हे नविनने परवा सांगितलं. मी चुकलो गं. वरची सगळी पानं हे एवढं लिहायला धीर यावा म्हणून लिहिली.

ता. क. ३. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तू त्याच झाडाचं कलम नाशिकला नेलंस, ते तुझ्या गच्चीवर निळ्या ड्रममध्ये आहे ना अजून? साखरपुड्याला येताना ड्रमसकट घेऊन ये. टेम्पो मी पाठवतो. खड्डा नवशीने आजच खणून ठेवला, मला हातसुद्धा लावू दिला नाही. सावली ह्या खेपेला मिळायची नाही, त्या दिवशी छत्र्या धरू. पण कलम जोरात वाढेल. इथे आता ऊन भरपूर आहे.