माझी हरकत आहे

३ जून
आले एकदाची! खोली छोटी, पण खिडकी मोठी आणि गादी नवी. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, ते काढून त्यांच्या गळ्यात बोटाएवढं यंत्र बसवून त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हा या संशोधन केंद्रातला प्रयोग. यंत्र वापरायला शिकवायचं काम माझं. तुला बोलायचा पगार द्यायचा म्हणजे त्यांचं दिवाळंच निघणार, असं आई म्हणाली.

मुख्य सर्जनना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांनी इथली एक रीत सांगितली. ऑपरेशनच्या संमतीला कागदावर सही चालत नाही. रुग्णाने स्वतःच्या तोंडाने, बसक्या आवाजात का होईना, ‘माझी हरकत नाही’ म्हणायचं, ते रेकॉर्ड होतं. सही कोणीही ठोकेल, आवाज मात्र ज्याचा त्याचाच, असं त्यांचं म्हणणं. मला फार आवडलं ते.

६ जून
रुग्ण इथे येतात तेव्हाच त्यांचे आवाज पार बसलेले असतात, यंत्रात भरायच्या लायकीचे उरत नाहीत. म्हणून यंत्रासाठी नमुन्याचा आवाज नव्याने रुजू झालेल्याने द्यायचा. काचेच्या खोलीत बसून मी तासभर घसा कोरडा केला. हौस दांडगी! उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच.

१४ जून
ड्रायव्हरकाका आज बोलले. जन्मभर ट्रक चालवलेला हा पहाडासारखा माणूस, आणि आवाज माझा! बायकोला त्यांनी हाक मारली तर ती आधी रडली, मग म्हणाली की इतक्या वर्षांनी घरात सवत आणलीत. शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणकाकूही बोलू लागल्या. त्याही माझ्याच आवाजात. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

२० जून
घसा बसलाय. मोठ्या सरांनी दुर्बीण घालून पाहिलं. एक स्वरतंतू हलतच नाही. कारण त्यांनाही सांगता येईना.

दुपारी काकांनी विचारलं की आईचा गुडघा कसा आहे. आईच्या गुडघ्याबद्दल मी इथे कोणाकडे अवाक्षर काढलेलं नाही. मी चमकून पाहिलं, तर काका माझ्याहून जास्त दचकलेले.

२५ जून
माझी आता नुसती कुजबुज उरली आहे. काकांनी मला हाताने धरून खाटेवर बसवलं आणि पाटीवर लिहिलं, हे मी बोलत नाही. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि त्यांच्या गळ्यातून मी गप्पा मारत होते. ऐटीत, मजेत. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग आला. माझा आवाज घेऊन मलाच वेडावतेस?

मोठ्या सरांना सगळं लिहून दिलं. आजारपणाने मन हळवं होतं, असं म्हणून त्यांनी पाठीवर थोपटलं.

२८ जून
आवाज गेला. पूर्ण.
मोठ्या सरांनी मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. काल त्यांना आलेल्या फोनचं. माझं नाव, माझा आवाज, माझं ते वाक्याच्या शेवटी हसणं. माझं स्वरयंत्र काढून यंत्र बसवायला माझी हरकत नाही. मी कागदावर मोठ्या अक्षरांत ‘ही मी नाही’ लिहिलं. ते म्हणाले, ऐन वेळी सगळेच कचरतात. इथे कागद चालत नाही.
तिला माझा गळा काढून हवाय. म्हणजे माझ्या आवाजात बोलणारी ती एकटीच उरेल.

२९ जून
बॅग उचलून निघाले. फाटकावर रखवालदाराने अडवलं आणि वॉर्डात परत आणलं. मीच म्हणे त्याला फोन करून सांगितलं होतं, मी घाबरून पळेन, सोडू नका. आईचा निरोप आला – काल फोनवर तुझं बोलणं ऐकून जिवाला बरं वाटलं, शहाणी माझी पोर ती.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पण हात आहेत ना मला! जेवणाचं ताट खाटेच्या दांड्यावर आपटून सगळा वॉर्ड उठवला. ड्रायव्हरकाकांनी तर स्वतःच्या गळ्यातलं यंत्र उपटून जमिनीवर आपटलं. रक्ताळलेल्या गळ्याने माझ्याकडे बघून हसले.
शेजारच्या खाटेवरून मी म्हणाले, अरेरे, काका, काय हे—
शिंपीणकाकू दोन्ही हातांनी स्वतःचा गळा दाबून रडत होत्या.

३० जून
ऑपरेशनच्या आधीची खोली. हाताला सुई. डोळे जड होताहेत – होऊ देणार नाही.
चिरेची खूण करायचं निळं पेन ट्रेमध्ये विसरलेत. गळ्यावर आडवं लिहिलं. ठळक. हा गळा माझा आहे. कापायचा नाही. आता वाचा!
बाहेर पावलं. मोठे सर. आणि – मी. मीच बोलतेय बाहेर, त्यांच्या फोनमधून. हसत सांगतेय, गळ्यावर काहीबाही लिहिलं असेल, मनावर घेऊ नका, स्वभावच आहे माझा तसा, स्पिरिटने पुसून टाका—
हसले सगळे.
पुसा. पेन मुठीत आहे. कपाळावर लिहीन, चादरीवर, त्यांच्या पांढऱ्या कोटांवर – शुद्ध असेतो –
दार उघडलं. बोळा ओला आहे, वास येतोय – हात धरताहेत – नाही – मी नाही म्ह