एकसष्टावा फॉर्म

६ जानेवारी
ठरलं एकदाचं! विद्यार्थी विज्ञान स्पर्धा, यंदाचा विषय साथीचे रोग. बाकीच्या शाळा पुस्तकातले तक्ते उतरवणार. आम्ही आमच्याच वस्तीतली कावीळ धरली – पंधरा दिवसांत अकरा जण पिवळे. कुठून येते ते शोधायचं. जोडीला शंकासूर. म्हणजे माझी बाकावरची शेजारीण. सूर्य उगवला म्हटलं तरी हिला पुरावा लागतो. स्पर्धा ८ फेब्रुवारीला.

८ जानेवारी
जीवशास्त्राच्या बाईंनी आमचा प्रश्नांचा फॉर्म तपासला. नुसत्या आजारी लोकांना विचारून भागत नाही, तेवढेच धडधाकटही हवेत, नाहीतर फरक कळणार कसा? तीस आणि तीस. आणि स्वतःच्या घराचा फॉर्म भरायचा नाही. घरच्यांबद्दल आपण उत्तर आधीच ठरवून बसतो, असं बाईंचं म्हणणं. पटलं.

१३ जानेवारी
सतरा फॉर्म. पायांचे तुकडे पडले. एका काकूंनी "काही नको आम्हाला" म्हणून दार लावून घेतलं. एका आजोबांना पाणी कुठलं पिता विचारलं, तर तरुणपणी कुठकुठलं प्यायले ते सांगत बसले. चाळीस मिनिटं!

१७ जानेवारी
आज चार नवे रुग्ण सापडले आणि मी जिन्यातच टाळी वाजवली. शंकासूर बघतच राहिली. आत कुणीतरी ओकत होतं. लाज वाटली. पण आलेख मस्त चढतोय, हेही खरं.

२० जानेवारी
सापडलं! मंडईच्या मागच्या गेटचा नळ. तीस आजाऱ्यांपैकी सव्वीस जण तिथलं पाणी पितात, तीस धडधाकटांपैकी फक्त चार. पाइप गटारातून गेलाय आणि जोडावर फडकं गुंडाळलंय. शंकासुरालाही शंका उरली नाही.

२२ जानेवारी
पाणी खात्याचं ऑफिस. खिडकी तीन म्हणते पाचकडे जा, पाच म्हणते साहेब रजेवर. कारकुनाने आमचा नकाशा उलटा धरून पाहिला. छान रंगवलाय म्हणाला, कितवीत आहात? अर्ज ठेवून घेतला. परत येताना नळावर कागद चिकटवला – हे पाणी पिऊ नका.

२३ जानेवारी
कागद फाडलेला. खाली रांग.

२५ जानेवारी
दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना भेटलो. पाणी पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी आजार दिसतो. बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "फक्त गरोदर बायकांना जपा. शेवटच्या महिन्यांत झाली तर जिवावर बेतते."
वहिनीला सातवा लागलाय. मग आठवलं, घरी आपण फिल्टरचं पाणी पितो. जिवात जीव आला.

२७ जानेवारी
वहिनी गणवेश शिवते ते दुकान मंडईच्या पुढच्या बाजूला आहे. म्हणून माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. आज तिचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर मालकीणबाई पाण्याचा कॅन भरून आणत होत्या. कुठून? मागच्या गेटवरून. पुढचा नळ दोन महिने बंद आहे, सगळ्याजणी हेच पितात.
साठ दारं वाजवली मी. आमचं नाही.

२८ जानेवारी
आईला सांगितलं. तिने आधी खोलीचं दार लावलं. "तिच्या कानावर जाता कामा नये. धसका घेईल." दादा म्हणाला, बारा तारखेला तपासणी आहेच, तेव्हा रक्त बघू. वहिनीला एवढंच सांगायचं ठरलं की नळ वाईट आहे, पाणी घरून ने. ती बरं म्हणाली आणि बाटली भरली. आता बाटली भरून काय उपयोग? दोन महिन्यांचं पाणी पोटात जाऊन बसलंय.

३१ जानेवारी
मोजलं. शेवटचा घोट सत्तावीसला. आठ आठवडे म्हणजे २४ मार्च. तोवर रोज सकाळी तिच्या डोळ्यांत बघायचं, दुसरं माझ्या हातात काहीच नाही. आज म्हणाली, "टक लावून काय बघतेस गं? दृष्ट लावशील." मी हसले. खरं तर रडू येत होतं.

२ फेब्रुवारी
पाणी खात्याचे साहेब रजेवरून आले. आमचा अर्ज सापडत नाही.

४ फेब्रुवारी
स्पर्धेला जाणार नाही म्हटलं. शंकासूर शाळेच्या गॅलरीत हमसून हमसून रडली. आई म्हणाली, घरी राहून काय करणार आहेस, पहारा? वहिनीने माझा गणवेश इस्त्री करून खुर्चीवर टाकला. "ऑफिसात कुणी ऐकलं नाही ना तुमचं? तिथे तरी ऐकतील. जा तू." तिला आपलं नळाचंच वाटतंय. सांगून टाकावं असं ओठांवर आलं. आई दारात उभी होती. गिळलं.

६ फेब्रुवारी
वहिनी जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली. आई म्हणाली, या दिवसांत होतं असं. दादा म्हणाला, बारा तारीख काही लांब नाही. मी तिला खिडकीशी नेऊन डोळे पाहिले. पांढरेच वाटले. वाटले! शंकासूर असती तर हे चालवून घेतलं नसतं. उद्या सकाळची बस.

८ फेब्रुवारी
आमचं टेबल नववं. परीक्षक सहाव्यावर आलेत. फोन गेटवरच काढून घेतलेत. फाईल लावताना फॉर्म मोजले. साठ हवेत, एकसष्ट भरले. शेवटचा वहिनीच्या अक्षरात.
पिण्याचं पाणी कुठलं? – मागच्या गेटचा नळ.
लघवी गडद पिवळी? – हो, मंगळवारपासून.
डॉक्टरांना दाखवलं का? – तू बक्षीस घेऊन आलीस की.