तीनशे बारा फॉन्टांची नावं

प्रिय वेलांटी,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं मनात आणू नकोस. सगळे धडधाकट आहेत. गेला तो फक्त आपल्या छपाईच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्यामागे तीनशे बारा फॉन्ट पोरके झाले. नव्या मशीनवर एकही उघडेना. शिवाय फाइलींची नावं तुझ्या कृपेने 'जाडोबा', 'जाडोबाचा भाऊ', 'हा नको', 'हा तर नकोच'.

एकेक फाइल बदलत बसले असते तर वर्ष गेलं असतं. म्हणून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी स्क्रिप्ट लिहायला शिकले. म्हणजे कॉम्प्युटरला कामं लावून द्यायची: फाइल घे, नव्या प्रकारात बदल, नवं नाव दे, पुढची घे. चार सेकंदांत काम फत्ते. मी मोठ्या तोऱ्यात आमच्या ह्यांना बोलावलं. फोल्डर उघडलं तर आत एकच फाइल. प्रत्येकीला 'नवीन' हेच नाव द्यायला सांगितलं होतं, पुढे नंबर लावायला विसरले. प्रत्येक फॉन्ट आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसत गेला. हे चष्मा पुसत म्हणाले, "जागा मात्र बरीच वाचली." त्या दिवशी त्यांनी आपला चहा आपणच केला.

मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेला जरा डोकं लावलं. फॉन्टच्या पोटात त्याचं खरं नाव, करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली असते. तेच वाचून फाइलला नाव दे, असं स्क्रिप्टला सांगितलं. यादी स्क्रीनवर सरसरत आली. ती वाचता वाचता मुलांच्या पुस्तकांसाठी आपण दोघींनी काढलेल्या गोल अक्षरांपाशी मी अडकले.

अकरा वर्षांपूर्वी एका मासिकात त्या अक्षरांखाली तुझं एकटीचं नाव छापून आलं, आणि मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तुला चोर म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, "फाइल उघडून बघ." मी उघडली नाही. तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि निघून गेलीस. वेलांटी, फाइलमध्ये अक्षरं काढणाऱ्यांत आधी माझं नाव आहे, मग तुझं. तारीख भांडणाच्या दोन महिने आधीची. चूक मासिकवाल्यांची होती, आणि नंतर माझी.

फॉन्ट नीट बदलला आहे, फक्त 'ळ'च्या जागी रिकामा चौकोन येतो. मी चारदा काढून पाहिला. चारही वेळा तो पोट बिघडल्यासारखा दिसतो. मंगळवारी दुकान बंद असतं, पण मी असते. ये. चुकले मी, एवढंच लिहायचं होतं. ते थेट लिहवेना, म्हणून आधी तीनशे बारा फॉन्टांची गाऱ्हाणी सांगत बसले.

अजून म्हणू देणार असलीस तर, तुझीच
रफार