सुरतेच्या खोलीत उंदीर नाहीत

गिरधर,

एवढं वहिनीला मोठ्याने वाचून दाखव: सुरतेला गिरणीत काम मिळालं, खोलीही पाहिली, पण आपण प्रकाशा गाव सोडायचं नाही. बांधलेली भांडी सोडा. काल "खोलीत एकही उंदीर नाही" म्हणालो, तेव्हा दाणे वाचले म्हणून ती हसली होती, "मंग मन्हा दाणा वाचना!"

पुढचं मनात वाच. पहाटे काखेत गाठ लागली, तेव्हा उमगलं. उंदीर आधीच मरून गेले होते. त्या चाळीत प्लेग आहे. मी मळ्यातल्या झोपडीत आहे. माझं अंथरूण जाळ. भाकरी बांधावर ठेवून हाक मार. ओ आली नाही तर पुढे येऊ नकोस. धाकटी पोर रात्री माझ्या कुशीत झोपली होती. तिची काख बघत राहा.

शेवटचं पुन्हा मोठ्याने वाच: येतो.

भाईदास